प्रागचा शनिवार-रविवार: तिकीट काढण्यापूर्वी वार ठरवा

जर्मनीत शिकणारी किंवा नोकरी करणारी मराठी मंडळी एखादा शनिवार-रविवार मोकळा मिळाला की प्रागला जायचे ठरवतात, कारण ड्रेस्डेनहून हे शहर रेल्वेने सव्वादोन ते अडीच तासांवर आणि बर्लिनहून चार तासांहून थोडे अधिक अंतरावर आहे. परतल्यावर त्यांच्यापैकी अनेकांकडून एकच तक्रार ऐकू येते, की निम्मे प्राग बंद होते. शहर बंद नसते, क्रम चुकलेला असतो. योझेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीतील संग्रहालय शनिवारी बंद असते आणि किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथेड्रल रविवारी दुपारी बारापर्यंत पर्यटकांना खुले होत नाही. ज्याने शनिवारी सकाळी योझेफोव्ह आणि रविवारी सकाळी किल्ला ठेवला, त्याला दोन्ही दिवशी बंद दार पाहावे लागते. आम्ही पहिल्या खेपेला नेमके हेच केले होते आणि पुढे अनेक मित्रांना हेच करताना पाहिले, म्हणून हा लेख कामांच्या क्रमाने लिहिला आहे. वाचताना टप्पे पुढे-मागे करू नयेत.

## टप्पा १: कागद आणि तारीख

जर्मनीचा वैध निवास परवाना असलेल्या व्यक्तीला चेकियासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, परंतु परवान्यासोबत मूळ पारपत्रही जवळ असावे लागते. हा प्रवास शेंगेन क्षेत्रातला, म्हणजे एकमेकांच्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांमधला, असल्याने सीमेवर कोणी विचारणार नाही, असे गृहीत धरू नये. २०२३च्या ऑक्टोबरपासून जर्मनीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली, आणि परतीच्या गाडीत पोलीस डब्यात येऊन कागद पाहतात तेव्हा मोबाइलमधील छायाचित्र उपयोगी पडत नाही. परवान्याचे नूतनीकरण चालू असेल, तर हाती असलेल्या तात्पुरत्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येते का, हे आपल्या शहरातील परकीय नागरिक कार्यालयाला आधी विचारावे आणि मगच आरक्षण करावे.

इंग्लंडमधून येणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांची गोष्ट निराळी आहे. तिथला निवासाचा हक्क शेंगेनमध्ये चालत नाही, त्यामुळे दोन दिवसांसाठीही शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. प्रौढांसाठी त्याचे शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. मनात आले आणि निघालो, असा शनिवार-रविवार त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांनी तारीख दोन-तीन महिने आधीच ठरवावी.

तारीख निवडताना दोन दिनदर्शिका पाहाव्यात. पहिली ज्यू सणांची, कारण संग्रहालय शनिवारप्रमाणेच या सणांनाही बंद असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असे दिवस जवळजवळ येतात. दुसरी चेक सार्वजनिक सुट्ट्यांची. २८ सप्टेंबर, २८ ऑक्टोबर, ८ मे, ईस्टरचा सोमवार अशा काही दिवशी मोठी दुकाने कायद्याने बंद असतात. लहान दुकाने चालू राहतात, पण रात्री दूध-पाव कुठे मिळेल याचा विचार आधी केलेला बरा.

तपासणी: पारपत्र, परवाना किंवा व्हिसा, आणि दोन्ही दिनदर्शिका पाहून झाल्या का? एकही उत्तर नकारार्थी असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा २: दोन दिवसांचा सांगाडा

आता, हॉटेल किंवा गाडी पाहण्याच्या आधी, एका कागदावर एवढेच लिहावे: शनिवारी सकाळी किल्ला, रविवारी सकाळी योझेफोव्ह. या दोन खुंट्या पक्क्या झाल्या की बाकीची ठिकाणे त्यांच्याभोवती आपोआप बसतात, कारण चार्ल्स पूल चोवीस तास खुला असतो, जुन्या शहराचा चौक कुठे पळून जात नाही आणि वीशेह्राड या जुन्या गडाच्या तटबंदीवर फिरायला तिकीट लागत नाही.

वेळेचीही एक मर्यादा आहे. किल्ल्याचे आवार सकाळी सहा ते रात्री दहा उघडे असते, पण आतल्या वास्तू एप्रिल ते ऑक्टोबर नऊ ते पाच आणि नोव्हेंबर ते मार्च नऊ ते चार एवढ्याच वेळात पाहता येतात. शनिवारी दुपारी दोनला प्रागमध्ये उतरून 'किल्ला आजच उरकू' असे ठरवणाऱ्याला हिवाळ्यात जेमतेम कॅथेड्रल पाहून होते. म्हणून शुक्रवारी रात्रीच पोचावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या एका रात्रीच्या भाड्याने शनिवारची सगळी सकाळ हाती येते. शुक्रवारी निघणे शक्यच नसेल, तर किल्ल्याच्या आतल्या वास्तूंचा नाद सोडून केवळ आवार आणि बाहेरचे रस्ते पाहावेत आणि किल्ल्याचे तिकीट काढूच नये.

यादी लांबवण्याचा मोह मात्र इथेच आवरावा. दोन दिवसांत दोन मोठी ठिकाणे, दोन लहान ठिकाणे आणि पुष्कळ पायी फिरणे, एवढेच मावते. कुत्ना होरा किंवा कार्लोवी व्हारी ही बाहेरची गावे या सहलीत घुसडली, की प्राग केवळ रेल्वे स्थानकापुरते उरते.

## टप्पा ३: जाणे-येणे

बर्लिन आणि ड्रेस्डेनहून येणाऱ्या गाड्या आधी प्राहा-होलेशोविचे आणि मग प्राहा ह्लाव्नी नाद्राझी, म्हणजे मुख्य स्थानक, अशा थांबतात. 'प्राहा' हे प्रागचे चेक नाव पाटीवर दिसताच सामान घेऊन उतरणारे बरेच असतात. आपले तिकीट कुठपर्यंतचे आहे आणि हॉटेल कोणत्या स्थानकाला जवळ आहे, हे निघण्यापूर्वी पाहावे. होलेशोविचेला चुकून उतरलात तरी घाबरण्याचे कारण नाही, दोन्ही स्थानके मेट्रोच्या लाल सी मार्गावरच आहेत.

जर्मनीचे मासिक डॉइचलांड-तिकीट या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. विद्यार्थ्यांकडून ही चूक वारंवार होते आणि तिचा दंड स्वस्त तिकिटापेक्षा महाग पडतो. शुक्रवारी संध्याकाळच्या आणि रविवारी दुपारच्या गाड्या भरगच्च असतात, म्हणून तिकिटाबरोबर आसन राखून ठेवावे. तिकीट आणि आसनाचे आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक घेतल्याने दुसरे मिळत नाही. बसने येणाऱ्यांनी आपली बस फ्लोरेंक आगारात थांबते की मुख्य स्थानकाजवळ, हे तिकिटावर वाचावे, विशेषतः परतीच्या वेळी.

विमानाने येणाऱ्यांसाठी एवढेच, की विमानतळापर्यंत मेट्रो जात नाही. ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी व्हेलेस्लावीन या मेट्रो स्थानकापर्यंत नेते आणि तिथून हिरवा ए मार्ग थेट शहराच्या मध्यात येतो. रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबवू नये. टॅक्सी हवीच असेल तर ॲपवरून, भाडे आधी दिसेल अशी मागवावी.

## टप्पा ४: मुक्काम

हॉटेल निवडताना बहुतेक जण 'चार्ल्स पुलापासून किती मीटर' एवढेच पाहतात. त्याऐवजी 'बावीस नंबरच्या ट्रामपासून किती मीटर' हे पाहावे. ही ट्राम नामेस्ती मिरू, नारोद्नी त्रिदा आणि मालोस्त्रान्स्का करत किल्ल्यापर्यंत चढते. मला विचाराल तर नामेस्ती मिरूच्या आसपासचा विनोह्राडी भाग सर्वांत सोयीचा वाटतो. शनिवारी किल्ल्यासाठी बावीस नंबर दारातून मिळते, रविवारी योझेफोव्हसाठी मेट्रोचा ए मार्ग थेट स्तारोमेस्त्स्का स्थानकाला सोडतो, आणि मुख्य स्थानकासाठी मुझेउमला एकदा गाडी बदलली की पुढचेच स्थानक. नामेस्ती मिरूच्या मेट्रो स्थानकात उतरताना मात्र घाई करू नये. ते जमिनीखाली ५३ मीटर खोल आहे आणि त्याच्या सरकत्या जिन्यावरच दोन मिनिटांहून अधिक वेळ जातो.

सावधान: जुन्या शहरात आणि किल्ल्याखालच्या माला स्त्राना भागात रस्ते दगडी फरशीचे आहेत. चाकांची मोठी बॅग तिथे दहा मिनिटे ओढून पाहिलेला माणूस पुढच्या वेळी पाठीवरची पिशवीच आणतो. आई-वडील सोबत असतील तर इमारतीत लिफ्ट आहे का, हे आरक्षणापूर्वी विचारावे, कारण जुन्या इमारतींत ती असेलच असे नाही.

## टप्पा ५: पैसे

चेकिया युरोपीय संघात असला तरी तिथले चलन कोरुना आहे. मध्यवर्ती दुकानांत युरो घेतात, पण दर दुकानदाराच्या मर्जीचा असतो, म्हणून युरोत पैसे देऊ नयेत. कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते, तेव्हा रोख कोरुना थोड्याच, स्वच्छतागृह आणि लहान खरेदीपुरत्या घ्याव्यात.

रोख काढताना तीन ठिकाणी माणसे फसतात. पहिले ठिकाण म्हणजे पर्यटकांच्या वाटेवर भिंतीत बसवलेली, कोणत्याही बँकेची नसलेली एटीएम यंत्रे. त्याऐवजी चेस्का स्पोर्झितेल्ना, कोमेर्च्नी बांका अशा एखाद्या बँकेच्या शाखेचे यंत्र शोधावे. दुसरे ठिकाण यंत्राच्या पडद्यावरच असते. रक्कम तुमच्या चलनात वळवून दाखवू का, असा प्रश्न येतो आणि हिरवे बटण होकाराचे असते. तिथे नकार द्यावा आणि रक्कम कोरुनातच कापू द्यावी. दुकानातील कार्डयंत्रावर हाच प्रश्न आला, तर तिथेही हेच उत्तर.

तिसरे ठिकाण म्हणजे चलन बदलून देणारी दुकाने. फलकावर मोठ्या अक्षरांत झळकणारा दर तुम्हाला लागू होणारा असेलच असे नाही. तो विक्रीचा किंवा फार मोठ्या रकमेसाठीचा असू शकतो. पैसे काउंटरवर ठेवण्यापूर्वी 'शंभर युरोंचे हातात किती मिळतील' हे आकड्यात लिहून मागावे. तरीही फसगत झालीच, तर एप्रिल २०१९पासून लागू असलेल्या नियमानुसार १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच दुकानात रद्द करता येतो. त्यासाठी पावती लागते, म्हणून पावती फेकू नये. रस्त्यात गाठून चांगला दर देऊ करणाऱ्याशी बोलूच नये. त्याने दिलेल्या नोटा दुसऱ्याच देशाच्या, चलनातून गेलेल्या निघतात आणि तिथे कोणताही नियम मदतीला येत नाही.

## टप्पा ६: शहरातली तिकिटे

मेट्रो, ट्राम आणि बस यांना एकच तिकीट चालते आणि ते वेळेवर मोजले जाते. तीस मिनिटांचे, नव्वद मिनिटांचे, चोवीस तासांचे आणि बहात्तर तासांचे असे त्याचे प्रकार आहेत. शुक्रवारी रात्री पोचून रविवारी संध्याकाळी निघणाऱ्याने बहात्तर तासांचे तिकीट आणि चोवीस तासांची दोन तिकिटे यांचा हिशेब स्वतः मांडावा. फार पायी चालणाऱ्याला कधी कधी सुटी तिकिटेच स्वस्त पडतात.

खरी चूक तिकीट घेण्यात नसून ते चालू करण्यात होते. कागदी तिकीट मेट्रोच्या प्रवेशाशी किंवा ट्राम-बसमध्ये असलेल्या पिवळ्या यंत्रात एकदा, आणि फक्त एकदाच, ठसा मारून घ्यावे लागते. ठसा नसलेले तिकीट म्हणजे तिकीट नसणेच, आणि पर्यटक आहोत ही सबब तपासनीस ऐकत नाहीत. मेट्रोला अडवणारी फाटके नसल्याने ठशाचे यंत्र मागे टाकून पुढे जाणे अगदी सोपे आहे. शहर वाहतुकीच्या लित्याच्का ॲपवर घेतलेले तिकीटही चढण्यापूर्वी सक्रिय करावे लागते, शिवाय ते लागू व्हायला थोडा वेळ जातो, म्हणून ट्राम समोर दिसल्यावर बटण दाबू नये. ट्राममधील कार्डयंत्रावर काढलेले तिकीट मात्र आधीच ठसा मारलेले येते, त्याला पुन्हा ठसा मारू नये.

पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवास मोफत आहे, पण सहा वर्षांवरील मुलांच्या वयाचा पुरावा सोबत ठेवावा.

तपासणी: निघण्याच्या आदल्या रात्री बावीस नंबरच्या मार्गात दुरुस्ती चालू आहे का, हे प्रागच्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावे. शनिवार-रविवारी रुळांची कामे काढतात आणि ट्राम वळवतात.

## टप्पा ७: शनिवार, किल्ला

सकाळी साडेआठच्या सुमारास बावीस नंबरमध्ये बसावे आणि प्राझ्स्की ह्राद या थांब्यावर उतरावे. त्याआधीच्या मालोस्त्रान्स्काला उतरणारे लोक मग लांबलचक पायऱ्या चढत बसतात. ट्राममध्ये पाठीवरची पिशवी पोटाशी धरावी. पाकीटमारांनाही हाच मार्ग सोयीचा आहे. थांब्यापासून पुलावरून किल्ल्याच्या आतल्या दुसऱ्या चौकात पाच मिनिटांत पोचता येते. वाटेत पिशव्यांची तपासणी होते, त्यामुळे मोठे सामान घेऊन येऊ नये.

तिकिटात सेंट व्हायटस कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका आणि गोल्डन लेन यांचा समावेश असतो. पाहण्याचा क्रमही हाच ठेवावा. कॅथेड्रलची रांग दहानंतर झपाट्याने वाढते, बाकीच्या ठिकाणी तितकी वाढत नाही. कॅथेड्रलमध्ये एखाद्या विशेष प्रार्थनेमुळे शनिवारीही काही वेळ प्रवेश थांबवला जातो, तेव्हा त्या दिवसाची सूचना किल्ल्याच्या संकेतस्थळावर सकाळीच वाचावी. त्याच्या दक्षिण मनोऱ्याचे तिकीट वेगळे असते आणि वर २८७ पायऱ्या आहेत. पुढे दिवसभर चालायचे असल्याने मी हा मनोरा बहुतेकांना सोडून द्यायला सांगतो.

तिकीट दोन दिवस चालते, पण प्रत्येक वास्तूत एकदाच जाता येते. कोणी थकले तर उरलेली वास्तू रविवारी दुपारी पाहता येते, हे लक्षात ठेवून घाई करू नये.

गोल्डन लेन पूर्व टोकाला आहे, आणि इथे वाट फुटते. पाय दुखत असतील तर तिथूनच जुन्या पायऱ्यांनी मालोस्त्रान्स्का मेट्रोपाशी उतरावे. उत्साह असेल तर किल्ल्याच्या पश्चिम दाराकडे परत येऊन ह्राद्चानी चौकातून स्त्राहोव्ह मठाकडे चालत जावे. मठातील ग्रंथालयाची दालने दारातूनच पाहता येतात आणि दुपारी ती थोडा वेळ बंद असतात, याची कल्पना नसल्याने अनेकांचा विरस होतो. स्त्राहोव्हपासून पेत्रिन टेकडीवरच्या मनोऱ्याकडे जाणारी वाट फारशी चढाची नाही, म्हणून पेत्रिन पाहायचेच असेल तर याच बाजूने जावे. खालून वर नेणारी दोरगाडी सप्टेंबर २०२४मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली. ती चालू आहे याची खात्री केल्याशिवाय तिच्या भरवशावर बेत आखू नये. उतरताना नेरुदोवा रस्त्याने माला स्त्रानात यावे. उतार तीव्र आहे आणि पावसात दगड निसरडे होतात.

## टप्पा ८: जेवण, विशेषतः शाकाहारी

चेक भोजनपत्रिकेत 'बेझमासा यीडला' असा एक विभाग असतो. मराठी कानाला यात मासा ऐकू येतो, पण चेकमध्ये 'मासो' म्हणजे मांस, आणि हा विभाग मांसाविना पदार्थांचा. गंमत अशी, की 'बेझ मासा' एवढेच सांगितले तर मासळी वगळली जाईलच असे नाही. तीही नको असेल तर 'बेझ रिबी' हेही सांगावे. शुंका म्हणजे हॅम आणि स्लानिना म्हणजे डुकराची चरबीदार फीत, हे दोन शब्द पदार्थाच्या वर्णनात शोधावेत. बटाट्याच्या सूपमध्येही ही फीत किंवा मांसाचा रस्सा असू शकतो.

तळलेले चीज, म्हणजे स्माझेनी सीर, आणि बटाट्याचे धिरडे, म्हणजे ब्रांबोराक, हे सहज मिळतात, परंतु दोन्हींत अंडे असते. अंडे न खाणाऱ्यांनी भारतीय किंवा व्हीगन उपाहारगृहाचा पत्ता आधीच नकाशात खूण करून ठेवावा. भूक लागल्यावर चौकात उभे राहून शोध घेतला, की महाग आणि सुमार जेवण पदरी पडते. टेबलावर न मागता ठेवलेला पाव मोफत असेलच असे नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटली भरून घ्यावी. ट्रदेल्निक हा रस्तोरस्ती भाजला जाणारा गोड वेटोळा खायला हरकत नाही, मात्र तो प्रागचा पिढीजात पदार्थ म्हणून दुप्पट दाम देऊ नये.

## टप्पा ९: रविवार, पूल, योझेफोव्ह आणि परत

सकाळी सातच्या आत चार्ल्स पुलावर असावे. अर्ध्या किलोमीटरचा हा पूल त्या वेळी शांतपणे ओलांडता येतो, दहानंतर तो सरकत्या गर्दीचा होतो. उन्हाळ्यात उजाडणे लवकर असल्याने साडेपाचही चालेल, आणि तरीही तिथे लग्नाची छायाचित्रे काढणारे एखादे जोडपे भेटतेच.

नऊला योझेफोव्हमध्ये पोचावे. संग्रहालयाच्या एकाच तिकिटात अनेक सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळे, आणि जुने दफनस्थान येते. सुरुवात पिंकास सिनेगॉगपासून करावी, कारण दफनस्थानाची वाट तिथूनच जाते आणि मोठे गट साडेनऊ-दहाला येऊन ती अडवतात. भिंतींवर नाझी छळात मारल्या गेलेल्या सुमारे ८०,००० माणसांची नावे लिहिलेली आहेत, तिथे आवाज खाली ठेवावा. पुरुषांनी डोके झाकायचे असते, टोपी सोबत असावी. जुने-नवे सिनेगॉग या तिकिटात धरलेले नसते, ते पाहायचे असल्यास एकत्रित तिकीट घ्यावे.

तिथून जुन्या शहराचा चौक दहा मिनिटांवर आहे. खगोल घड्याळातील आकृत्या दर तासाला, सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत, एक मिनिटही न टिकणारी फेरी काढतात. सगळ्यांच्या माना वर असताना खिशांकडे कोणाचे लक्ष नसते, म्हणून मोबाइल आणि पाकीट आतल्या खिशात ठेवूनच उभे राहावे. घड्याळाच्या मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे, तेव्हा उंचावरून शहर पाहायची हौस इथे भागवावी.

खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते, त्यामुळे पुलावर निघण्यापूर्वीच सामान बांधून हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवावे. दुपारी ते उचलून मुख्य स्थानकावरील लॉकरमध्ये टाकले, की गाडीपूर्वीच्या दोन-तीन तासांसाठी वीशेह्राड आदर्श ठरते. ते सी मार्गावर मुख्य स्थानकापासून तिसरे स्थानक आहे, नदीकाठच्या तटावरून नदी आणि किल्ला दोन्ही दिसतात, आणि रांग कुठेच नसते. परतीच्या गाडीचा फलाट सूचनाफलकावर सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो, म्हणून गाडीच्या अर्धा तास आधी स्थानकात यावे, लॉकर आधी रिकामा करावा आणि पारपत्र वरच्या कप्प्यात काढून ठेवावे.